वस्तीची गाडी

साडेपाच वाजले की लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीतून आरोळी यायची, "गाडी सुटलीऽऽ!"

नवीन बिऱ्हाडं दचकायची. कुठली गाडी, कुठून सुटली, कुठे आग लागली की काय, असं वाटून माणसं दारात यायची. आम्ही जुने लोक मात्र निवांत. ती गाडी सुटलेली असायची चाळीपासून फार लांब, दक्षिण कोकणात, आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवरून. खरंच सुटली की पंक्चर होऊन तिथेच बसली, हे लालबागच्या गॅलरीतून दिसायची काही सोय नव्हती. आरोळी देणाऱ्याला त्याची फिकीरही नव्हती. थोड्या वेळाने "तिठ्यार इली!", मग "घाटीक लागली!" आणि दिवेलागण झाली की शेवटची, समाधानाची हाक, "पोचली रे, पोचली!" एवढं झालं की ते आत जाऊन जेवायला बसत. माझ्या आईचा भाताचा कुकर वर्षानुवर्षं "घाटीक लागली"वर चढला आणि "पोचली"वर उतरला.

चाळीत त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारतो, तो कंट्रोलर. ह्यांनी उभ्या आयुष्यात तशी नोकरी केली नव्हती. गिरणीत घडी खात्यात, कापडाच्या घड्या घालायला होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याबरोबरचे कोणी वॉचमन झाले, कोणी भाजीचा धंदा टाकला. हे बिनपगारी कंट्रोलर झाले. आमची खोली त्यांच्या शेजारची आणि गावही एकच, त्यामुळे मी त्यांना कंट्रोलरकाका म्हणायची. लग्न होऊन मी चाळीतल्याच दुसऱ्या माळ्यावर गेले, तरी आरोळीच्या टप्प्यातच राहिले.

आमच्या तालुक्यात माणसं पूर्वीपासून कशाकशातून आली-गेली, हा काकांचा विषय. आपण वाटीभर साखर मागायला गेलो की साखर हातात पडेपर्यंत गलबतं बंदराला लागायची. मग बोटीचा जमाना. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट बंदरापासून लांब उभी राहायची, माणसं पडावात उतरायची, आणि पडाववाल्याच्या खांद्यावर बसून कोरड्या पायांनी किनाऱ्यावर. त्यानंतर कोळशाची मोटार. पेट्रोल मिळेना त्या काळात तिच्या पाठीमागे भट्टी लावलेली असे आणि चढ आला की क्लीनर खाली उतरून भट्टीला पंख्याने वारा घाली. हे सगळं काकांनी पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या बापाने पाहिलं होतं. पण सांगताना काका इतके खोकायचे की कोळशाचा धूर त्यांच्याच नाकातोंडात गेल्यासारखा वाटे. आई म्हणायची, "साखर नको बाबा, गुळाचाच चहा पिऊ."

इतिहासाचा कळस म्हणजे आमच्या गावात पहिली लाल गाडी आली तो दिवस. लोकांनी श्रमदानाने घाटी फोडली, रस्ता देवळापर्यंत आणला, तोरणं बांधली. गाडी आली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ती वळणार कुठे? रस्ता करायच्या नादात वळायला जागा ठेवायची कोणाला सुचलंच नव्हतं. ड्रायव्हर बिचारा तोरणासकट रिव्हर्समध्ये घाटी उतरला, थेट तिठ्यापर्यंत. तिठा म्हणजे जिथून आमच्या गावचा फाटा फुटतो तो खालचा नाका. गावात वळायला जागा होती ती एकच, शिमग्याची होळी उभी राहते तो मांड. पण मांड देवीचा. देवीला कौल लावला, तर कौल होईना. शेवटी गावकऱ्यांनी कबूल केलं की गाडी रोज आधी देवीसमोर थांबेल, हॉर्न देईल आणि मगच वळेल. तेव्हा कुठे पाकळी उजवीकडून पडली. काका सांगायचे, "देवीनच टायमटेबल ठरवल्यान. आमच्या हातात काय होता?"

दिवसा येऊन जाणारी गाडी ती साधी गाडी. संध्याकाळी येऊन रात्री गावातच मुक्काम करते आणि पहाटे पहिली खेप घेऊन जाते, ती वस्तीची. ज्या गावात वस्तीची गाडी, त्या गावाचा तोरा वेगळा. गाडीच्या कपाळावर गावाचं नाव आणि खाली "वस्ती" असं लिहिलेलं असे. काकांचं ठरलेलं वाक्य होतं, "जेचा नाव बोर्डार नाय, तो गाव कसलो?" चाळीतल्या मुलींना स्थळं बघायला लोक आले की काका आगंतुकासारखे दारात उभे राहत. मुलगा काय करतो, पगार काय, ह्यात त्यांना रस नव्हता. "तुमच्याकडे वस्तीची गाडी येता काय?" एवढाच प्रश्न. माझ्या नवऱ्याच्या गावाला फक्त दुपारची गाडी होती. काकांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगो बरो आसा, पण गाव जरा कमीच." त्या एका वाक्यावरून माझा नवरा मला आजवर ऐकवतो.

मुंबईत ते सरकारी बसशिवाय कशात बसले नाहीत. दादरला जायचं असो की गिरगावात कोणाच्या बारशाला, कंडक्टरच्या शेजारी उभे राहायचे आणि नजर वर, बेलच्या दोरीवर. सिंगल बेल थांबायला, डबल बेल निघायला. "अख्खो तालुको ह्या दोन बेलवर चालता," असं ते म्हणायचे. ती दोरी एकदा तरी आपल्या हाताने ओढायची त्यांची हौस सगळ्या चाळीला ठाऊक होती. पण दोरी कंडक्टरची. तिला हात लावणं त्यांना देवाच्या घंटेला पारोशाने हात लावण्यासारखं वाटे.

हे सगळं वेड आहे आणि वेडाला कारण नसतं, अशी माझी समजूत होती. एका पावसाळी संध्याकाळी ती समजूत गेली. त्या दिवशी "घाटीक लागली" झालं, पण पुढची हाक येईना. मोबाइल आल्यापासून काका शेवटची आरोळी खात्री करून देत. गावी बहिणीला फोन करायचे आणि तिने "इली" म्हटलं की मगच ओरडायचे. मी वर गेले तर काका गॅलरीत फोन हातात धरून उभे. घाटीत झाड पडलं होतं आणि गाडी तिठ्यावरूनच परत फिरली होती. मी म्हटलं, "काका, उद्या येईल. जेवा तुम्ही." ते म्हणाले, "आज बाय एकटी आसा गो." आणि आत जायला तयारच होईनात.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तिनेच काकांना वाढवलं. सगळा गाव तिला बायच म्हणे. गाडी वस्तीला येऊ लागली तेव्हा गावाने पाळी लावली होती, एकेका घराने एकेक दिवस ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण घालायचं. मग माणसं त्याच गाडीत बसून मुंबईला आली. घरांना कुलपं लागत गेली आणि पाळी लवकर लवकर फिरू लागली. शेवटी ती बायच्या घरी येऊन थांबली. रोज तीच. गाडी देवळासमोर हॉर्न द्यायची, बाय भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. "हात धुवा. गरम आसा तवसर जेवून घ्या." जेवून दोघं तिच्याच पडवीत झोपायचे. काका मला म्हणाले, "लोक माका विचारतत, बायेक मुंबईक कित्याक आणणस नाय? अरे, ती एकटी खय आसा? तिच्याकडे रोज दोन पावणे असतत." त्या दिवसापासून "पोचली रे" ही आरोळी मला हसण्यासारखी राहिली नाही.

आणि मग गेल्या काही वर्षांत गाडी रिकामी धावू लागली. तालुक्याला जायचं तर वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप. मुंबईहून यायचं तर लालबागच्या नाक्यावरून लक्झरी, रात्री बसा आणि सकाळी थेट देवळापाशी उतरा. डेपोतून निरोप आला की भारमान नाही, शिमग्यापर्यंत बघू, नाहीतर वस्ती बंद. गाडीत माणसं किती भरतात ते भारमान, हा शब्द काकांनी आमच्या चाळीतल्या शेंबड्या पोरांनाही शिकवला.

आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा गावकीच्या खोलीत भरली. खोली लहान, पुरुष आत, आम्ही बायका दारात. काका उभे राहिले. आज गलबतं आली नाहीत, बोट आली नाही. सरळ मुद्द्यावर आले. यंदा शिमग्याला लक्झरी नको. परळहून सरकारी गाडीने तालुक्याला उतरायचं आणि सगळ्यांनी वस्तीच्या गाडीने गावात जायचं. डेपोच्या साहेबांना भरलेली गाडी दिसली पाहिजे.

एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, रागावू नका, पण प्रॅक्टिकली बघा ना. बायकापोरं, सामान, मध्ये गाडी बदला, परत दोन तास थांबा. कशाला एवढी कटकट? डायरेक्ट लक्झरी आहे ना आपली."

"तुझी लक्झरी वर्षातून दोनदा येता," काका म्हणाले. "गणपतीक आणि शिमग्याक. बाकीचे दिवस कोण येता, सांग माका."

सगळ्यांची घरं बंद होती आणि ज्या एका घरात चूल पेटत होती ते कोणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या मुलानेच आधी हात वर केला. "चला, जाऊ लाल डब्यातून. होऊन जाऊ दे."

शिमग्याला निघालो त्या दिवशी तालुक्याच्या स्टँडवर जी मजा आली, ती आठवली की आताही हसू येतं आणि लगेच मावळतं. आमचं अख्खं मंडळ वस्तीच्या गाडीत. ढोल टपावर, बायका सीटवर, पोरं मांडीवर, पुरुष दाराच्या पायरीपर्यंत उभे. काका नवा सदरा घालून एखाद्या वरबापासारखे फिरत होते. जुना कंडक्टर त्यांना ओळखत होता. बायच्या हातचं जेवलेला माणूस तो. ड्रायव्हर मात्र त्या दिवशी बदली आला होता, नवा. कंडक्टर हसत म्हणाला, "काका, एवढ्या गर्दीत मला तिकिटं फाडायला पुढपर्यंत जायचंय. आज बेल तुमच्याकडे. दाराशी उभे राहा."

काकांनी आधी हात सदऱ्याला पुसले. मग दोरी धरली आणि दोन वेळा ओढली. गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलंही नाही. मला इतका आनंद झाला होता की वाटलं, ह्या माणसाचं आयुष्य आज पुरं झालं.

वाटेत गाडी थांबत, माणसं कोंबत चालली आणि तिठ्याला यायला उशीर झाला. सूर्य बुडाला होता. वर मांडावर डेपोचे साहेब येणार होते, गाव वाट बघत होतं, आणि काकांचा जीव वेळेत अडकला होता. तिठ्यावर कोणीतरी पिशवी घेऊन उभं होतं आणि हात करत होतं. ड्रायव्हरने गाडी हळू केली. पाठीमागून एकजण ओरडला, "अरे, पाय ठेवायला जागा नाय! मागून वडाप येईल ना!" काकांनी बाहेर पाहिलं, आत गर्दीकडे पाहिलं आणि दोरी दोनदा ओढली. डबल बेल. गाडी घाटीला लागली.

मी खिडकीशी होते. बाहेर एक बाई आहे एवढंच मलाही दिसलं. अंधारून आलं होतं आणि खिडकीच्या काचेला पोरांच्या हातांचे ठसे होते.

मांडावर काकांना हार घातला. साहेबांनी भरलेली गाडी पाहून मान हलवली, ढोल सुरू झाले. काका सगळीकडे बायला शोधत होते. घराला कडी होती. शेजारी तर कोणी नव्हतंच विचारायला. बऱ्याच वेळाने बाय घाटीच्या रस्त्यावरून वर आली. एका हातात पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर. खालच्या आठवड्याच्या बाजाराला गेली होती. मुंबईची माणसं येणार म्हणून, आणि ड्रायव्हर-कंडक्टरसाठी सुके बांगडे आणायला. वडाप काही मिळाली नव्हती. शिमग्याच्या संध्याकाळी वडापवालेही आपापल्या मांडावर होते.

काका म्हणाले, "बाय, तू खय होतंस?"

"तिठ्यार," बाय म्हणाली. पिशवी खाली ठेवली, कडी काढली. "हात केलंय मी. पण जागा खय होती?" मग त्यांच्या गळ्यातला हार बघून ती खरंच हसली. "भरलेली गाडी बघून बरा वाटला हां."

तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. काका गळ्यातला हार काढून पडवीत बसले. ती चुलीकडे गेली, आधी ड्रायव्हर-कंडक्टरला वाढलं, मग आम्हाला. बेल कोणी दिली हे तिला कंडक्टरने सांगितलं असणार, कारण वाढताना तिने काकांच्या ताटात बांगडा ठेवला आणि थोडा वेळ त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. काकांनी ताटावरून मान वर केली नाही.

शिमगा संपला आणि आम्ही परत आलो, अर्थात लक्झरीने. सुट्टी कोणाला उरली होती? गाडी पुन्हा रिकामी धावू लागली. बायचा गुडघा मात्र त्या घाटीने कायमचा धरला. पाणी आणणं होईना. मे महिन्यात काका गावी गेले आणि तिला लालबागला घेऊन आले. इतकी वर्षं कोणाच्या सांगण्याने न हललेली बाय एका शब्दाने निघाली. घराला कुलूप लागलं. मग ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायची, झोपायची सोय राहिली नाही, आणि गावात उतरणारं माणूसही राहिलं नाही. वस्ती तात्पुरती बंद झाल्याचं कळलं. तात्पुरती म्हणजे काय, ते आम्हाला गिरणीपासून माहीत आहे.

काकांनी आरोळी सोडली. इतिहासही सोडला. साखर मागायला गेलं की मुकाट्याने साखर मिळते. गॅलरीत कठड्याला टेकून उभे असतात, साडेपाच वाजून जातात आणि चाळीत नुसता टीव्हीचा आवाज. माझी पोरं म्हणतात, आजोबा ओरडत नाहीत आता. मला हळहळ वाटते ती गाडीची नाही. गाड्या गलबतांपासून बंद पडतच आल्या आहेत. पण ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या दोरीला हात लावला नाही, त्याच्या हातात ती दोरी आली ती त्याच संध्याकाळी, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाय इथे रुळली नाही, पण कुरकुरत नाही. रोज संध्याकाळी स्टोव्हपाशी बसून भाकऱ्या थापते आणि दोन माणसांच्या जास्तीच्या थापते. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका चहाबरोबर खातात. हे कोणी बोलत नाही.

परवा मी वर गेले होते, पुरणपोळीचं ताट द्यायला. दिवे लागले होते. काका नेहमीसारखे कठड्याशी, बाय आत दाराजवळ. भाकरी तव्यावर टाकून बायने अचानक बाहेर हाक मारली, "गाडी पोचली काय रे?"

मी थबकले. काकांनी वळून पाहिलं. गाडी बंद आहे हे तिला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. भ्रम झालेली म्हातारी नाही ती. सकाळीच तिने माझ्याशी दुधाच्या भावावरून हुज्जत घातली होती.

"पोचली," काका हळूच म्हणाले.

बायने भाकरी उलटली. "तिठ्यार थांबली मां?"

काकांचा हात कठड्यावरून उचलला गेला, थोडा वर, डोक्याच्या उंचीपर्यंत, आणि खाली आला.

"थांबली," ते म्हणाले. "सिंगल बेल दिलंय मी."

"मगे जेवूक चल," बाय म्हणाली आणि तिने ताटं घेतली.